लेव्हल वाढली, पण झालं काय? प्रोग्रेशनच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

गेमिंगमध्ये काम करायचंय म्हणून माझ्याकडे चौकशीला येणारी सोलापुरातली बहुतेक मुलं एकतर ड्रॅगनची चित्रं घेऊन येतात, नाहीतर कोडिंगचं सर्टिफिकेट. दोन्ही चांगलंच आहे. पण माझं पोट ज्या कामावर चालतं ते या दोन्हींच्या मधलं आहे आणि ते कुणाच्या फारसं डोळ्यांवर येत नाही. त्याला प्रोग्रेशन म्हणतात. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडूचं पात्र कधी, कशानं आणि किती वाढणार हे ठरवायचं, आणि नवा माणूस त्या वाढीच्या कुठल्या टप्प्यावर गेम सोडून जातो ते शोधायचं. स्टुडिओ पुण्यात आहे, मी सोलापुरात. मीटिंग असली की सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची, एरवी काम घरून.

मोजमाप आधी उरकून घेऊ. सोमवारी शंभर जणांनी फोनवर गेम घेतला आणि त्यातल्या चाळीस जणांनी मंगळवारी तो परत उघडला, तर डी-वन रिटेन्शन ४० टक्के. सातव्या दिवशी किती उरले ते डी-सेव्हन, तिसाव्या दिवशी किती ते डी-थर्टी. मुलाखतीला येणाऱ्या सगळ्यांना एवढं पाठ असतं. पुढचा प्रश्न मात्र असा येतो : डी-वन ठीक आहे, डी-सेव्हन आपटलंय, तर तुम्ही आधी कुठे बघाल?

दिवस बाजूला ठेवायचा आणि लेव्हल बघायची. एक मुलगा एका संध्याकाळीत आठ लेव्हल मारतो, दुसरा तेवढ्यालाच आठवडा लावतो. दिवसाच्या आकड्यात हे दोघे एकत्र कालवले जातात आणि काहीच दिसत नाही. म्हणून एक साधी शीट करायची. पहिल्या रकान्यात लेव्हल, दुसऱ्यात तिथवर पोचलेले, तिसऱ्यात त्यापुढे कधीच न गेलेले. चौथा रकाना नवखे लोक टाकतच नाहीत, आणि खरा जीव त्यातच आहे : त्या लेव्हलला खेळाडूच्या हाती नवीन काय पडलं? नवी चाल, नवा नकाशा, नवं हत्यार, सोबत खेळायची मुभा, की नुसताच आकडा?

समजा, पहिल्या सहा लेव्हलपर्यंत दर लेव्हलला तीन-चार टक्के गळतात आणि सातवर एकदम अठरा. मीटिंगमध्ये पहिली सूचना ठरलेली असते : सातवरून आठवर जायला एक्सपी, म्हणजे खेळून जमवायचे अनुभवाचे गुण, जास्त लागतोय, कमी करा. बरं, केला कमी. बहुतेकदा काय होतं, तर सातवरची गळती नऊवर सरकते. माणसं तेवढीच जातात, फक्त थोडी पुढे जाऊन जातात. कारण चौथा रकाना सात ते दहा कोरा असतो. तिथे भरायला कुणाकडे वेळ नसतो, म्हणून 'आरोग्य अधिक १५' असं काहीतरी ठोकून दिलेलं असतं.

हे शीटमध्ये दिसतं, पण पटतं ते नवीन माणसाच्या शेजारी बसल्यावर. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या ओळखीचं एक घर आहे, खाली पॉवरलूम, वर राहतं घर. तिथल्या दोन पोरांना मी एक गेम लावून दिला आणि गप्प बसले. फोन साधा, स्क्रीनला कोपऱ्यात तडा. लूमच्या खटखटाटात गेमचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं, त्यामुळे लेव्हल-अपचं जे संगीत बसवायला महिने गेलेले असतात ते गेलं वाऱ्यावर. धाकटा खेळत होता. आठवी लेव्हल आली, सोनेरी झगमगाट झाला, आरोग्य २४० चं २५५ झालं. पुढचा लांडगा आला. आधीचा लांडगा चार घावांत मरायचा, हाही चारच घावांत मेला, कारण लांडगाही आठव्या लेव्हलचा होता. थोरला म्हणाला, "लेव्हल वाढली की तुझी. पण झालं काय बे?" धाकट्यानं माझ्याकडे बघितलं, "अक्का, ह्याला मोठी तलवार कधी मिळते?" मोठी तलवार बाराव्या लेव्हलला होती, आणि ती आहे हे स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

माझ्या मते नव्या खेळाडूच्या बाबतीतलं निम्मं काम त्या दोन वाक्यांत आहे. वेग किती याला तो फार किंमत देत नाही. आपल्या हातून काल होत नव्हतं ते आज होतंय का, आणि पुढची गोष्ट कोणती आणि किती लांब आहे, एवढंच तो बघतो. शत्रू खेळाडूबरोबर वाढवला तर वाढ जाणवत नाही. नाही वाढवला तर मागचा सगळा नकाशा पोरखेळ होऊन बसतो. यातून वाट काढायची म्हणजे निदान सुरुवातीला काही जुने शत्रू मुद्दाम जुन्याच ताकदीचे ठेवायचे. ज्या लांडग्यानं पहिल्या दिवशी पळायला लावलं, त्याला तिसऱ्या दिवशी एका घावात लोळवता आलं पाहिजे.

जुने गेम अभ्यासाला घ्या, फुकटची शाळा आहे. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये लेव्हलच नव्हत्या. जे कौशल्य वापराल ते वाढणार. १९९९ च्या एव्हरक्वेस्टमध्ये मेलात की कमावलेला एक्सपी कापला जायचा, प्रसंगी लेव्हलही खाली यायची, आणि सामान जिथे मेलात तिथे प्रेतापाशीच पडून राहायचं, ते जाऊन आणायचं. त्यातून टिकलेले लोक कट्टर झाले, पण आज नव्या खेळाडूला असं वागवून बघा! वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची गोष्ट तर मी प्रत्येक इंटर्नला सांगते. २००४ मध्ये गेम बाजारात येण्याआधीच्या चाचणीत सलग फार वेळ खेळलं की एक्सपी घटायचा. लोक चिडले. मग हिशोब जवळपास तसाच ठेवून मांडणी उलटी केली : कमी झालेला दर हाच नेहमीचा, आणि विश्रांती घेऊन आलात की दुप्पट. शिक्षा होती, तिचं बक्षीस झालं आणि तक्रार मिटली.

रुनस्केप या ऑनलाइन गेमचा आलेखही बघा. ९९ व्या लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतो आणि त्याचा निम्मा टप्पा येतो ९२ व्या लेव्हलला. ऐकून धडकी भरते, पण नव्या माणसाला याचं काही देणंघेणं नसतं. पहिल्या लेव्हल मिनिटामिनिटाला पडतात. चढण सगळी शेवटाकडे ठेवलेली आहे.

जुन्या गेमला वेगळाच आजार होतो. वर्षानुवर्षं कमाल लेव्हल वाढवत नेली की सगळी गर्दी वरच्या टोकाला जमते आणि खालचे नकाशे ओस पडतात. नवा खेळाडू आत येतो तेव्हा गड्ड्याची जत्रा उठल्यावर होम मैदानावर पोचल्यासारखं त्याला वाटतं. वॉरक्राफ्टनं २०१४ मध्ये नव्या भागाबरोबर थेट ९० लेव्हलचं पात्र द्यायला सुरुवात केली. जुन्या माणसाला ते सोयीचं, पण अगदी नवख्याला पात्र मोठं आणि समज छोटी अशी गत होते. पुढे २०२० मध्ये त्यांनी १२० व्या लेव्हलची पात्रं दाबून ५० वर आणली, नव्या भागात कमाल ६० ठेवली आणि पहिल्या दहा लेव्हलसाठी वेगळं बेट दिलं. मला हा दुसरा उपाय जास्त शहाणपणाचा वाटतो. त्याच वर्षी फायनल फँटसी फोर्टीननंही आपल्या मूळ कथेतल्या सुरुवातीच्या क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला दिलेल्या कामगिऱ्या, छाटल्या.

आता एक मुद्दा, जो शीटमध्ये सहज सापडत नाही. नवा माणूस बऱ्याचदा मित्रानं बोलावलं म्हणून येतो. मित्र तिसाव्या लेव्हलला, हा दुसऱ्या. दोघं एकत्र खेळूच शकत नाहीत. मित्राचा एक फटका आणि सगळे शत्रू गार, याला ना एक्सपी ना मजा. चार दिवस 'थांब, मी येतो वर' म्हणतो आणि मग येत नाही. २००४ च्या सिटी ऑफ हीरोज्‌नं यावर तोडगा काढला होता : छोट्याला मोठ्याच्या जोडीला लावलं की तेवढ्यापुरती त्याची ताकद मोठ्याच्या जवळपास नेली जायची. २०१२ च्या गिल्ड वॉर्स टूनं उलट केलं, मोठा खालच्या भागात आला की त्यालाच खाली उतरवलं. ऑनलाइन गेमचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्येच खेळाडूंचे चार प्रकार मांडले होते, त्यातले गप्पा-सोबतीसाठी येणारे तर लेव्हलकडे ढुंकूनही बघत नाहीत. तेव्हा तुमच्या शीटमध्ये आणखी एक रकाना टाका : पहिल्यांदा कुणाबरोबर पार्टीत, म्हणजे गट करून, खेळला ती लेव्हल.

आणि गळती दिसली की डिझाइनला दोष द्यायच्या आधी क्रॅश लॉग, म्हणजे गेम कुठे बंद पडला त्याची नोंद, बघा. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, स्वस्त फोन तापून हळू होतो. त्यात एखाद्या लेव्हलला मोठी गुहा उघडत असेल आणि ती लोड होता होता गेम बंद पडत असेल, तर एक्सपीच्या आलेखाकडे बघून काय मिळणार? पुण्या-बेंगळुरूच्या एसीत बसलेल्यांना हे सुचत नाही. आपल्याला सुचतं, ही आपली जमेची बाजू समजा.

रोज हजेरी लावा, बक्षीस घ्या असल्या गोष्टींनी डी-सेव्हन फुगवता येतं. मानसशास्त्रात त्याला आधारही आहे. २००६ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात गाडी धुण्याच्या दुकानाची दोन कार्डं होती : एकावर आठ शिक्के हवे, दुसऱ्यावर दहा, पण दोन आधीच मारलेले. कष्ट सारखेच, तरी पहिलं १९ टक्क्यांनी पुरं केलं, दुसरं ३४ टक्क्यांनी. ट्युटोरियल संपता संपता पहिली लेव्हल हातावर ठेवतात ती याचसाठी. पण असं ओढून आणलेल्याला आत करायला काही नसेल तर तो हजेरी लावतो आणि जातो, आणि डी-थर्टीला पितळ उघडं पडतं. जुगाराच्या वळणावर जाणाऱ्या युक्त्या तर शिकूच नका. २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीच आली आहे.

शिकायला काय लागतं? एक्सेल किंवा गूगल शीट पक्कं हवं. डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा एसक्यूएल, तिच्यातले ग्रुप बाय आणि जॉइन न अडखळता यायला हवेत. इंजिनिअरिंग केलेलं असेल तर उत्तम, पण बीकॉमवालीही हे काम करू शकते. हिशोबाची सवय असल्यानं कधीकधी जास्त बरं करते. इंग्रजी वाचता आलं पाहिजे, फाडफाड बोलायची गरज मला तरी पडलेली नाही. आणि नवीन गेम खेळताना स्क्रीन रेकॉर्डिंग लावून ठेवायची सवय लावा. दर लेव्हलला घड्याळ बघा, आणि कंटाळा आला ती वेळ तिथल्या तिथे लिहा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेला कंटाळा कामाचा नसतो.

अर्ज करताना सर्टिफिकेटांचा गठ्ठा जोडू नका. कुठलाही एक चालू गेम घ्या, त्याच्या पहिल्या दहा लेव्हलचा तक्ता करा, घरातल्या किंवा गल्लीतल्या दोन-तीन नवख्यांना तो खेळायला देऊन ते कुठे थांबले ते लिहा. मग एकच बदल सुचवा. तीन नको, एकच. आणि तो बदल फसला तर कुठला आकडा बघून कळेल, तेही लिहा. सगळं दोन पानांत बसवा. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत शेवटचा भाग लिहिणारे फार थोडे असतात, आणि मुलाखतीचा फोन बहुधा त्यांनाच जातो.