शाखा सोडताना: राजीनाम्यापासून जॉइनिंगपर्यंतची तयारी

लातूर-बीडकडची बँकेची किंवा फायनान्स कंपनीची शाखा सोडून पुण्यात नव्या नोकरीला निघालेल्यांसाठी हे. ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, हे सांगायला नको. फोनवरचं 'तुमचं झालंच समजा' म्हणजे ऑफर नव्हे. सीटीसीचा (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आकडा बघून हुरळूही नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, इन्सेंटिव्ह धरलेला असतो, कधी ग्रॅच्युइटीसुद्धा. दर महिन्याला खात्यात किती पडणार ते एचआरकडून मेलवर घ्या आणि त्यातून पुण्यातलं खोलीभाडं नि मेस वजा करा. लातूरला घरची भाकरी खाऊन जे वाचतं ते कुठल्याच सॅलरी स्लिपवर दिसत नाही.

नोटीस पिरियड किती, ते नेमणूकपत्रात बघा. शेजारच्या टेबलावरच्याला ३० दिवस असले म्हणून तुम्हाला ९० नसतील असं नाही. साहेबांना आधी तोंडी सांगा, तेवढा मान ठेवायचाच. पण दिवस मोजले जातात ते मेलपासून, म्हणून मेल त्याच दिवशी करा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. हँडओव्हरची, म्हणजे कामाचा ताबा दिल्याची, लेखी पोच. पुन्हा वाचा, लेखी. 'सगळं देऊन टाकलं' म्हणजे काहीच दिलं नाही असं धरा. तिजोरीची चावी, पावती पुस्तकं, टॅब, अंगठ्याचं मशीन, शिक्के, कर्जाच्या फायली, सोनंतारणाची पाकिटं, जे जे तुमच्या नावावर आहे ते कागदावर ओळीने लिहा. कुणाला दिलं, किती तारखेला, किती वाजता, घेणाऱ्याची सही, शाखेचा शिक्का. पावती पुस्तक असेल तर वापरलेल्या पावत्या कुठल्या नंबरापर्यंत आणि कोऱ्या कुठून कुठपर्यंत, हेही. मी एक पुस्तक चहाच्या टपरीवर सहकाऱ्याच्या हातात दिलं, सही घेतली नाही, आणि पुढं नो-ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) अडकलं, त्यामागं रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) अडकलं. त्याच कागदासाठी नव्या ठिकाणचा एचआर रोज फोन करत होता.

फिल्डवर, म्हणजे गावोगावच्या महिला गटांच्या कर्जाचे हप्ते गोळा करायला असाल तर दुप्पट काळजी. बीडकडच्या गावांत दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल हातात असते, तेव्हा कुणी दोन-तीन हप्ते एकदम देऊन जातं, कुणी गटातल्या बाईकडे पैसे ठेवून जातं. मार्च-एप्रिलात माणसं परत येतात, तोवर तुम्ही पुण्यात. हिशेबात पाचशे कमी निघाले की बोट कुणाकडे जाणार? गेलेल्याच्या नावावर काहीही खपतं. म्हणून शेवटच्या आठवड्यात नव्या माणसाला घेऊन प्रत्येक सेंटरला (गटांच्या बैठकीच्या जागी) जा, बायकांसमोर पासबुकं आणि सिस्टीमचे आकडे जुळवा आणि त्या जुळणीवरही सही घ्या. कंटाळा येतो, ऊन असतं, गाडीचं पेट्रोल खिशातलं जातं. तरी जा.

सही घेतलेल्या कागदाचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर ठेवा. पोच शाखेच्या कपाटात ठेवून आलात तर ती त्यांची झाली, तुमची नाही.

तसंच यूजर आयडीचं. शेवटच्या दिवशी तो बंद करायला लावा आणि बंद झाल्याचा मेल मागा. 'एवढ्या दोन एन्ट्र्या करून घेतो, पासवर्ड सांगून जा' असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, मग तो मित्र असो की मॅनेजर. एकाने एन्ट्री करायची, दुसऱ्याने पास करायची, ही पद्धत उगीच नाही आणि तुमच्या आयडीवरून झालेली प्रत्येक एन्ट्री तुमचीच.

ऑफिसचा मेल बंद व्हायच्या आत सॅलरी स्लिपा, कापलेल्या कराचा दाखला (२०२५-२६ पर्यंतचा फॉर्म १६), इन्क्रिमेंटची पत्रं उतरवून घ्या. ग्राहकांची यादी मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका. नव्या ठिकाणी कामाला येईल असं वाटतं, पण ती चोरीच आहे आणि पकडली जाते.

कराचं. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या (२०२५-२६ पर्यंत सगळे त्याला फॉर्म १२बी म्हणत). नाही दिला तर दोन्ही कंपन्या आपापल्या पगारावर ७५,००० ची वजावट आणि रिबेट (करातली सूट) धरून बसतात, टीडीएस (पगारातून कापायचा कर) कमी कापतात. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत दोन्हीकडचा पगार मिळून पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर फरक पडत नाही. वर गेलात तर रिटर्न भरताना बाकी कर व्याजासकट निघतो. फायनान्समधल्या माणसाने यात सापडणं म्हणजे जरा अतीच.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षं भरायच्या आत काढला तर कर लागतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते, ती जोडली जायला हवी. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर स्वतः टाकता येते.

कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. गावाकडे आई-वडील असतील तर स्वतःची पॉलिसी आधीच घ्या, जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. स्टाफ लोन असेल तर सोडल्यावर व्याजदर काय होईल ते विचारा. सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बघा, नवी कंपनीही बघते. एनआयएसएमचं (शेअर बाजार, म्युच्युअल फंडाच्या कामासाठीचं) सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, तारीख तपासा. जेएआयआयबीचे (बँक कर्मचाऱ्यांच्या परीक्षेचे) पेपर राहिले असतील तर बँकेत असेपर्यंतच उरकून टाका.

जॉइनिंगला पॅन, आधार, मार्कशीट, कॅन्सल चेक. बाकीचं एचआर मेलवर कळवतं. आणि ती पोच, फोटो काढलाय ना?