घरातील वस्तूंच्या ब्रँडनावांचे मूळ कसे शोधावे

एखाद्या डब्यावरील किंवा बाटलीवरील नाव कोठून आले हे शोधायचे असेल, तर नावाचा अर्थ सुरुवातीला बाजूला ठेवावा आणि ती वस्तू कोणी, कोठे, कोणत्या वर्षी व कशासाठी तयार केली, एवढेच आधी नोंदवून घ्यावे. हा क्रम उलटा वाटेल. परंतु अर्थ अगोदर गृहीत धरून त्याला पुरावे जुळवीत बसल्यानेच बहुतेक चुकीच्या व्युत्पत्ती जन्माला येतात. टेबलांवर चिकटवल्या जाणाऱ्या कडक थराचे नाव, फॉर्मायका, हे याचे चांगले उदाहरण आहे. लॅटिन शब्दकोश उघडला तर या अक्षरक्रमाचा अर्थ ‘मुंगी’ असा मिळतो, आणि मुंगीच्या चिकाटीशी टेबलाच्या टिकाऊ पृष्ठभागाची सांगड घालण्याचा मोह सहज होतो. प्रत्यक्षात हे द्रव्य 1912-13च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या उपकरणांसाठी तयार झाले. त्या उपकरणांत विद्युतरोधक म्हणून तोपर्यंत अभ्रक, म्हणजे इंग्रजीतील ‘मायका’, वापरले जात असे आणि नवे द्रव्य त्याच्या जागी आले. म्हणून ‘फॉर मायका’, अर्थात ‘अभ्रकाऐवजी’. मूळ उपयोग ठाऊक नसेल तर हा उलगडा होणे शक्यच नाही, कारण टेबलावर हे द्रव्य बरेच नंतर आले.

यानंतर नावाचे मूळ रोमन लेखन पाहावे. मराठी वाचकाने ही पायरी कधीही गाळू नये, कारण देवनागरीत उच्चार टिकतो पण लेखनातील खुणा पुसल्या जातात. सेलोटेप या चिकटपट्टीचे नाव 1937 साली ब्रिटनमध्ये ‘सेलोफेन’ (पारदर्शक वेष्टनाचा पापुद्रा) या शब्दावरून घडवले गेले. मात्र सेलोफेन हे आधीच दुसऱ्याचे व्यापारचिन्ह असल्यामुळे आरंभीच्या ‘सी’ या अक्षराऐवजी ‘एस’ घेण्यात आला. देवनागरीत दोन्ही शब्द ‘से’नेच सुरू होतात आणि सगळी गंमत हरवते. बिक पेनाच्या बाबतीतही तसेच झाले आहे. ते नाव मार्सेल बिश या उद्योजकाच्या आडनावातील शेवटचा ‘एच’ गाळून तयार झाले, कारण इंग्रजी भाषकांनी त्या आडनावाचा भलताच उच्चार केला असता. अशा मोडतोडीमागे अनेकदा कायदाही असतो: वस्तूचे केवळ वर्णन करणारा शब्द व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवणे अवघड जाते, म्हणून उत्पादक तो शब्द वाकवतात, कापतात किंवा दुसऱ्याला जोडतात.

आता शब्दाचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकडा घटकद्रव्यांच्या यादीशी ताडून पाहावा. जर्मनीत 1907 साली आलेल्या पर्सिल या धुलाईच्या भुकटीत परबोरेट आणि सिलिकेट ही दोन द्रव्ये होती. टेफाल या भांड्यांच्या नावात टेफ्लॉन (अन्न न चिकटू देणारा लेप) व अॅल्युमिनियम आहेत. पामोलिव्ह साबणाच्या नावात पाम आणि ऑलिव्ह ही दोन तेले आहेत. व्हेल्क्रो या एकमेकींना चिकटणाऱ्या पट्ट्यांच्या नावात द्रव्य नाही, रचना आहे: फ्रेंचमध्ये ‘वेलूर’ म्हणजे मखमल आणि ‘क्रोशे’ म्हणजे आकडी. नाव फार जुळवाजुळव न करता उलगडले, तर वाट बहुधा बरोबर आहे असे समजावे. निव्हियाचे तर तुकडेही पाडावे लागत नाहीत. 1911 साली बाजारात आलेल्या या पांढऱ्याशुभ्र क्रीमचे नाव ‘हिमधवल’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे.

तुकडे द्रव्यांशी जुळले नाहीत, तर माणसे शोधावीत. हार्पिकच्या नावात एखादे रसायन दडलेले असेल असे कोणालाही वाटेल, पण ते हॅरी पिकप या इंग्रज गृहस्थाच्या नावाच्या आणि आडनावाच्या पहिल्या अक्षरांपासून बनलेले आहे. तरीही नावातील माणूस निर्माताच असेल असे समजू नये. गुळण्या करण्याचे लिस्टरीन 1879 साली अमेरिकेत तयार झाले, तर ज्यांच्यावरून ते नाव पडले ते जोसेफ लिस्टर हे निर्जंतुक शस्त्रक्रियेचा पाया घालणारे ब्रिटिश शल्यविशारद होते. किवी बूटपॉलिशच्या नावाचा तर पॉलिशशी काहीच संबंध नाही: मेलबर्नमध्ये ते तयार करणाऱ्या विल्यम रॅमसे यांची पत्नी न्यूझीलंडची होती, आणि किवी हा त्या देशाची ओळख असलेला पक्षी.

सर्वांत अधिक काळजी सुंदर स्पष्टीकरणांबाबत घ्यावी. पायरेक्स काचेच्या भांड्यांबद्दल असे सांगितले जाते की ग्रीक ‘पीर’ म्हणजे अग्नी आणि लॅटिन ‘रेक्स’ म्हणजे राजा, म्हणून पायरेक्स म्हणजे अग्नीचा राजा. भट्टीत टिकणाऱ्या काचेला हे इतके शोभते की संशय घ्यावासाच वाटत नाही. मात्र कॉर्निंग या कंपनीतून आलेला खुलासा अगदी निराळा आणि काहीसा रुक्ष आहे. कंपनीची ‘एक्स’ने संपणारी व्यापारचिन्हे आधीपासून होती, रेल्वेच्या कंदिलांसाठी बनवलेली नॉनेक्स काच त्यांपैकीच एक. 1915 साली विक्रीस आलेल्या नव्या भांड्यांपैकी सुरुवातीचे एक भांडे ‘पाय’ हा पदार्थ भाजण्याचे होते, म्हणून ‘पाय’ आणि ‘एक्स’ जोडले गेले आणि उच्चार सुलभ व्हावा म्हणून मध्ये ‘र’ घालण्यात आला. म्हणून त्याच कंपनीची आधीची नावे शेजारी ठेवून पाहण्याची सवय लावावी. ‘क्लीनेक्स’ या कागदी रुमालांच्या नावाचा शेवटही ते बनवणाऱ्या कंपनीच्या आधीच्या ‘कोटेक्स’ या सॅनिटरी पॅडच्या नावाशी जुळतो, आणि तो निव्वळ योगायोग नाही.

आद्याक्षरांच्या कथांनाही हीच कसोटी लावावी. आदिदासमधील प्रत्येक अक्षरावरून रचलेले इंग्रजी वाक्य लोकप्रिय असले तरी ते मागाहून जुळवलेले आहे. नाव आडोल्फ उर्फ आदी दासलर यांचे आहे. उलट डब्ल्यूडी-40 या गंजरोधक फवाऱ्याच्या नावातील अक्षरे खरोखरच ‘पाणी दूर सारणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दप्रयोगाची आद्याक्षरे आहेत, आणि 40 हा यशस्वी ठरलेल्या सूत्राचा क्रमांक आहे. काही नावांना मात्र अर्थ नसतोच. कॅमेरे बनवणाऱ्या जॉर्ज ईस्टमन यांना ‘के’ हे अक्षर आवडत होते, आणि ‘कोडॅक’ हा शब्द त्यांनी सरळ बनवला. तेथे व्याकरणातील धातू किंवा मूळ भाषा शोधणे व्यर्थ आहे.

पडताळणीसाठी पेटंटची कागदपत्रे, व्यापारचिन्हांच्या नोंदवह्या आणि जुन्या जाहिराती पाहाव्यात. अमेरिकेतील व्यापारचिन्हाच्या नोंदीत नावाच्या प्रथम वापराची तारीखही दिलेली असते, आणि एखादी कथा सांगते ते वर्ष त्या तारखेनंतरचे निघाले तर ती कथा तेथेच बाद होते. शेवटी नाव अजून व्यापारचिन्ह आहे की सामान्य शब्द झाला आहे, हेही देशानुसार तपासावे: अॅस्पिरिन अमेरिकेत कोणीही वापरू शकतो, तर जर्मनीत आणि कॅनडात ते नाव अजूनही बायर कंपनीचेच आहे.