गवतासाठी ट्रॅक्टर घेताना पीटीओचा एचपी पाहावा
बागेतले गवत कापण्यासाठी ट्रॅक्टर निवडताना बहुतेक जण इंजिनाचा एचपी पाहतात. परंतु रोटरी कटर (फिरत्या पात्याने गवत कापणारे अवजार) चालतो पीटीओवर, म्हणजे अवजाराला इंजिनाची ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि तेथे मिळणारी ताकद इंजिनाच्या एचपीपेक्षा साधारण १० ते १५ टक्क्यांनी कमी असते. म्हणून आधी झाडांच्या दोन ओळींमधले मोकळे अंतर मोजून कटरची रुंदी ठरवावी आणि मग दर फुटास सुमारे ५ पीटीओ एचपी धरावा. म्हणजे ४ फुटी कटरला २० पीटीओ एचपी, अर्थात इंजिनाचा साधारण २४ एचपी लागतो. कोवळ्या गवताला याहून कमी पुरते, झुडपांना मात्र नाही. कटर निदान चाकांच्या बाहेरील रुंदीइतका असावा, कारण चाकाखाली दबलेले गवत कडेला तसेच राहते. कटरमध्ये अडकलेले गवत काढताना पीटीओ आणि इंजिन दोन्ही बंद करून पाते पूर्ण थांबेपर्यंत थांबावेच.