बँकेच्या बोर्डावर विसंबू नका

बेळगावातल्या एखाद्या जुन्या चार-पाच मजली बँकेच्या इमारतीचा इतिहास काढायचा असेल, तर आधी बँकेचं नाव बाजूला ठेवा. नावं टिकत नाहीत. 1930 सालची बेळगाव बँक 1970 च्या दशकात युनियन बँकेत गेली, सांगली बँक 2007 ला आयसीआयसीआयमध्ये, सिंडिकेट 2020 ला कॅनरात. नावामागं गेलात तर दुसऱ्याच इमारतीची माहिती हाती लागते.

सीटीएस नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेत जागेला दिलेला नंबर, धरा. पोटहिस्से पडले तरी मूळ नंबर सापडतो. सिटी सर्व्हेच्या कचेरीतून उतारा काढा आणि नोंदी शेवटून वाचत मागं जा. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, त्यामुळं अलीकडचं कानडीत आणि जुनं मराठीत असू शकतं. खरेदीखत मोडी लिपीत असलं तर जाणकाराकडूनच वाचून घ्या, अंदाज करू नका.

मग इमारतीत जा. मी बत्तीस वर्षं जिथं कॅश मोजली, तिथली स्ट्राँगरूम आधी साधी खोली होती, हे मला मागच्या बोळात उभं राहिल्यावर कळलं. भिंतीत बुजवलेल्या खिडकीची चौकट गिलाव्याखालून अजून उमटते. बँकेसाठीच बांधलेल्या इमारतीत तिजोरीच्या खोलीला खिडकी कोण ठेवेल? म्हणजे बँक भाडेकरू म्हणून नंतर आली. उताऱ्यावर मालक वेगळाच निघाला तेव्हा माझी खात्री पटली.

जिना तर हातानं चाचपून बघा. पायऱ्यांच्या कडा वरच्या मजल्यापर्यंत सारख्याच झिजल्या असतील, तर लोक बरीच वर्षं चढतच होते, लिफ्ट मागाहून बसली. खालचे दोन मजले झिजलेले आणि वर कडा धारदार असतील, तर लिफ्ट बहुधा सुरुवातीपासूनची. लिफ्टच्या चौकटीवर कंपनीची पितळी पट्टी असते, तिचा फोटो आजच काढा. रंगकाम निघालं की ती पहिली गायब होते.

वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळताना दिवाळीच्या आसपासची पानं सोडू नका, नव्या शाखेच्या उद्घाटनाच्या जाहिराती मुहूर्त बघून येत. सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं आहे, चौकशी तिथून सुरू करा. आणि वरच्या मजल्यावरच्या जुन्या वकिलांच्या, टायपिस्टांच्या घरी जा. भाडेपावत्या त्यांनी जपलेल्या असतात, आणि पावतीवर मालकाचं नाव आणि तारीख दोन्ही असतं.