कॉर्ड पाठ करू नका, मोजा: गिटारवर कॉर्ड कशी बनते

नवी गिटार घरी आली की आधी सी, जी, डी, ए मायनर या कॉर्डच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या, आकृत्या पाठ होतात. बोटं दुखतात, मग सरावतात, गाणीही वाजू लागतात. बोट नेमकं तिथेच का ठेवायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मग आकृतीत नसलेली कॉर्ड समोर आली की गाडी अडते. यामागचं गणित चार आणि तीन एवढंच आहे. पेटीवर सारेगम वाजवलेलं असेल तर ते निम्मं तुम्हाला येतच असतं.

पायरी १: एका तारेवर सारेगम शोधा

कुठलीही तार मोकळी छेडा आणि तिच्या आवाजाला सा म्हणा. आता त्याच तारेवर २ऱ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी धातूची पट्टी; दोन पट्ट्यांमधली जागा म्हणजे घर) रे, ४थ्याला ग, ५व्याला म, ७व्याला प, ९व्याला ध, ११व्याला नि आणि १२व्याला वरचा सा मिळेल. बोट फ्रेटच्या धातूवर नको, त्याच्या किंचित अलीकडे दाबा. मधली सुटलेली घरं विकृत स्वरांची: १ल्यावर कोमल रे, ३ऱ्यावर कोमल ग, ६व्यावर तीव्र म, ८व्यावर कोमल ध, १०व्यावर कोमल नि. १२वा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. कंप पावणारी तार निम्मी झाली की स्वर एक सप्तक वर जातो.

तंबोऱ्यावर कान तयार झालेल्यांना इथला ग जरा चढा वाटेल, आणि तो तसा असतोच. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडले की ही तडजोड करावी लागते. आजच्या पेटीतही साधारण तीच असते. तेव्हा तेवढ्यासाठी खुंट्या पिळत बसू नका.

पायरी २: तीन स्वर उचला

सा, ग आणि प एकत्र वाजले की मेजर कॉर्ड. ग कोमल केला की मायनर. फ्रेटच्या हिशेबात सांगायचं तर मेजरमध्ये आधी चार घरं चढायची, मग तीन. मायनरमध्ये आधी तीन, मग चार. दोन्हींत प ७व्या घरावरच राहतो, सगळा भाव तो एक ग बदलतो.

पायरी ३: स्वरांना इंग्रजी नावं द्या

ए ते जी अशी सात नावं, आणि दर दोन नावांच्या मध्ये एक शार्प, म्हणजे आधीच्या नावापेक्षा एक घर वरचा स्वर. अपवाद दोनच: बी आणि सी शेजारी-शेजारी असतात, तसेच ई आणि एफ. तारांची नावं जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई. क्रमांक मात्र उलटे: सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. एवढं पाठ करावंच लागतं, त्याला इलाज नाही.

पायरी ४: ओळखीची कॉर्ड उलगडून बघा

सी मेजर घ्या. सीपासून चार घरं मोजा: सी शार्प, डी, डी शार्प, ई. ई सापडला. पुढे तीन: एफ, एफ शार्प, जी. म्हणजे लागणारे स्वर सी, ई, जी. आता नेहमीची सी धरा आणि एकेक तार सावकाश छेडा. पाचव्या तारेवर ३ऱ्या फ्रेटला सी, चौथीवर २ऱ्याला ई, तिसरी मोकळी जी, दुसरीवर १ल्याला पुन्हा सी, पहिली मोकळी पुन्हा ई. तारा पाच वाजल्या, स्वर तीनच. सहावी तार टाळायची ती ई बेसूर लागतो म्हणून नाही. सर्वांत खालचा स्वर सा राहिला की कॉर्ड भक्कम बसते, म्हणून. डी मेजरमध्ये मात्र सहावी तार खरोखरच परकी आहे: तिथे डी, एफ शार्प, ए हवेत आणि ती ई वाजते.

आता ए मेजर धरा. तिचा ग, म्हणजे सी शार्प, फक्त दुसऱ्या तारेवर २ऱ्या फ्रेटला आहे. ते एकच बोट एक घर मागे घ्या: ए मायनर. ई मेजरमध्ये तिसऱ्या तारेवरचं बोट उचललं की ई मायनर. हे दोन बदल आलटून-पालटून वाजवून बघा, मेजर-मायनर कानाला कायमचं कळेल.

पायरी ५: कुठल्या कॉर्ड एकत्र चालतात

सप्तकातल्या प्रत्येक स्वरावर एकाआड एक स्वर रचा. सा-ग-प, म-ध-सा आणि प-नि-रे मेजर निघतात; रे-म-ध, ग-प-नि आणि ध-सा-ग मायनर. नि-रे-म ही तीन अधिक तीन घरांची, जरा आखडलेली डिमिनिश्ड. सीला सा धरलं तर सी, एफ, जी मेजर आणि डी, ई, ए मायनर. असंख्य गाणी एवढ्यावर निघतात.

जीच्या कॉर्डमध्ये एफ मिसळला की जी सेव्हन: पहिल्या तारेवर ३ऱ्याऐवजी १ला फ्रेट दाबा. त्यातला नि सा-कडे ओढतो आणि म ग-कडे, दोन्ही एकाच घराच्या अंतरावरून. म्हणून ती वाजली की कान सीची वाट बघतो.

पण भूप रागातली चाल समोर असेल तर जपून. भूपात म आणि नि नाहीत. एफमधून म घुसतो, जीमधून नि. त्या पाच स्वरांत पूर्ण बसणाऱ्या मेजर-मायनर कॉर्ड दोनच: सा-ग-प आणि ध-सा-ग, म्हणजे सी आणि ए मायनर. बाकी ठिकाणी नुसता सा-प धरलेला मला जास्त शोभतो.

पायरी ६: गायकाची पट्टी

गायक ‘काळी दोन’, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी, म्हणाला तर सा डी शार्पवर आला. कॅपो (मानेवर बसवून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) ३ऱ्या फ्रेटवर लावा आणि सीचेच आकार वाजवा, किंवा १ल्यावर लावून डीचे. काळी चार म्हणजे जी शार्प: कॅपो १ल्यावर, आकार जीचे.