आगोट भरताना: शंटचं बाळ वाडीत येतंय

परळच्या हॉस्पिटलातून डिस्चार्ज मिळाला, मे संपत आला, वाडीत आगोट भरायची घाई. तांदूळ, सुकी मासळी, लाकडं यांच्या जोडीला बाळाची तयारीही आत्ताच करा. सिंगल व्हेंट्रिकलच्या, म्हणजे हृदयाचा रक्त ढकलणारा एकच कप्पा नीट चालणाऱ्या बाळांवर टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया होते: जन्मानंतर लवकरच बहुतेकांना शंट (फुप्फुसाकडे रक्त नेणारी बारीक कृत्रिम नळी) किंवा बँडिंग (फुप्फुसाकडच्या धमनीला आवळणारी पट्टी), साधारण चार ते सहा महिन्यांत ग्लेन हे दुसरं ऑपरेशन, दोन ते चार वर्षांच्या आसपास फॉन्टन हे तिसरं. पहिल्या ऑपरेशनातून सावरून घरी गेलेली काही बाळं ग्लेनआधीच दगावतात, आणि निमित्त कधी कधी साधे जुलाबच असतात. अंगातलं पाणी कमी झालं की अरुंद शंटमध्ये गुठळी व्हायला वेळ लागत नाही.

सर्वात आधी काटा. आशाताईंकडचा टांगायचा काटा इथे चालणार नाही. दहा ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल घ्या. रोज सकाळी एकाच वेळी, कपडे काढून वजन करा आणि वहीत लिहा. दुसरी वस्तू ऑक्सिमीटर, तोही पायाला लावायचा लहान मुलांचा; मोठ्यांच्या बोटाचा चिमटा खोटे आकडे देतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या डॉक्टरांनी नॉरवुड (अशा काही बाळांचं पहिल्या टप्प्यातलं मोठं ऑपरेशन) झालेल्या बाळांच्या घरी या दोनच वस्तू दिल्या. २००३ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात ग्लेनपर्यंतच्या काळात त्यातलं एकही बाळ दगावलं नव्हतं. त्याआधीच्या गटात सुमारे १६ टक्के दगावली होती. रक्तातला ऑक्सिजन ७० टक्क्यांच्या खाली, वजनात एका दिवसात ३० ग्रॅमपेक्षा जास्त घट, किंवा तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढ नाही, तर लगेच फोन, असा त्यांचा नियम. तुमच्या सर्जननी वेगळे आकडे दिले असतील तर तेच पाळा. वीज जाते हे धरूनच सेल जास्तीचे ठेवा.

आता कागद, आणि मला हा काट्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. ऑक्सिजन ८० बघून तालुक्याचे डॉक्टर घाबरतात, जोराचा ऑक्सिजन लावतात. या बाळाचा ८० ठीक असू शकतो. तेव्हा डिस्चार्ज घेतानाच एका पानावर लिहून घ्या: कोणतं ऑपरेशन झालं, नेहमीचा ऑक्सिजन किती, सलाईन लावताना नळीत हवेचा बुडबुडा अजिबात नको (तो थेट मेंदूत जाऊ शकतो), ॲस्पिरिनचा डोस किती, वॉर्डचा फोन कोणता. पान प्लॅस्टिकमध्ये घाला. पाऊस पडायच्या आत ग्रामीण रुग्णालयात जाऊन बाळ दाखवून या, रात्री दोन वाजता ओळख करून देण्यापेक्षा ते बरं. ॲस्पिरिन चालू असताना ताप आला तर आयब्युप्रोफेन देऊ नका. डेंग्यूची साथ असेल तर ॲस्पिरिनचं काय करायचं ते वॉर्डला विचारा. आपल्या मनाने बंदही करू नका, चालूही ठेवू नका.

बारशाला गर्दी नको. आजी रागावल्या तरी चालेल. सर्दीवाल्याला पडवीतूनच परत पाठवा, चुलीच्या धुरापासून बाळ लांब ठेवा.

गाडी कोणाची, हे आधी ठरवा. घाटात दरड आली तर कोकण रेल्वे, रेल्वे अडली तर रस्ता, दोन्ही वाटा मनात असू द्या. पुढची तपासणी गणपतीच्या आसपास पडत असेल तर तिकीट ६० दिवस आधी, आरक्षण उघडल्याच्या सकाळी काढा, नाहीतर तारीखच बदलून घ्या. चाकरमान्यांच्या परतीच्या गर्दीत या बाळाला नेऊ नका.