पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर पुन्हा ॲडमिट व्हावं लागू नये म्हणून

नाकावाटे पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन बनवणाऱ्या छोट्या ग्रंथीची) गाठ काढलेला पेशंट बहुतेकदा काही दिवसांतच घरी येतो. बाहेरून टाका दिसत नाही, म्हणून घरचे निर्धास्त होतात. आणि आठवडाभरात त्याला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागतं. बऱ्याचदा कारण असतं रक्तातलं सोडियम उतरणं.

साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसादरम्यान, दुखावलेल्या पिट्युटरीतून पाणी धरून ठेवणारं हार्मोन नको तितकं सुटू शकतं. लघवी कमी होते, प्यायलेलं पाणी अंगातच राहतं. "अशक्तपणा आलाय, भरपूर पाणी पी, नारळपाणी घे" हा मायेचा सल्ला अशा वेळी घातक ठरतो.

१. डिस्चार्ज घेतानाच विचारा: दिवसाला पाणी किती? अनेक ठिकाणी पहिल्या आठवड्यात १ ते १.५ लिटरची मर्यादा घालतात. चहा, ताक, पेज त्यातच मोजायची. सकाळी तेवढ्या मापाची बाटली भरून ठेवली की हिशोब चुकत नाही. मर्यादा मात्र डॉक्टरांनीच ठरवायची, कारण काहींना नेमका उलटा त्रास होतो (पायरी ३).

२. सातव्या दिवसाच्या सुमारास सोडियमची तपासणी ठरवून घ्या. बरं वाटत असलं तरी करा. नेहमीची पातळी १३५ ते १४५. डोकेदुखी, मळमळ, सुस्ती, बोलण्यात गोंधळ दिसला तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. सोडियम फार उतरलं तर झटके येतात. घरीच मीठ-पाणी देणं हा उपाय नव्हे.

३. लघवी मापाच्या भांड्यात मोजा. तासाला २५० मिलिपेक्षा जास्त, पाण्यासारखी, सलग दोन-तीन तास होत असेल आणि तहान भागत नसेल तर फोन करा. तोवर पाणी तोडू नका.

४. स्टेरॉइडची गोळी दिली असेल तर स्वतःहून बंद करू नका. उलटीत गोळी पडत असेल तर इंजेक्शन लागतं, तडक निघा.

५. नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडं ठेवून द्या. वाकून नमस्कार, जड उचलणं, कुंथणं टाळा. बद्धकोष्ठतेवर औषध आधीच मागून घ्या. पुढे झुकल्यावर नाकातून स्वच्छ पाणी ठिबकलं, घशात खारट लागलं, ताप येऊन मान आखडली, नाकातून रक्त थांबेना किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी दाखवा.

कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला: "पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय, स्टेरॉइड चालू आहे (असेल तर), सोडियम तपासा." डिस्चार्जचा कागद हातात असू द्या.